बदलीसाठी धरलेले देव

धुळ्याला होतो त्या सात वर्षांत मी चार देव धरले आणि एक सोडला. सोडला तो माझा होता. विसाव्या वर्षी वडिलांनी मला ज्याच्या पायाशी नेऊन बसवलं होतं, तो. धरले ते सगळे दुसऱ्यांनी सुचवलेले. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी, तर जळगावला बदली मिळावी म्हणून. घरात कुणी मरणाला टेकलं नव्हतं की कुणी उपाशी नव्हतं. आज हे लिहिताना स्वतःची कीव यायला हवी, पण येतो तो राग.

आमचं गाव भुसावळच्या पलीकडे, केळीच्या पट्ट्यात. घर महानुभाव पंथाचं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे एकदा उपदेश घेतला की परमेश्वर एकच. इतर देवतांना नावं ठेवायची नाहीत, पण त्यांच्याकडे मागायलाही जायचं नाही. नवस नाही, गंडादोरा नाही, मांस-दारू नाही, जिवाला इजा नाही. माणूस भेटला की ‘दंडवत प्रणाम’ म्हणायचं आणि सकाळ-संध्याकाळ बसून नाम घ्यायचं. ऐकायला किती सोपं आहे! मलाही सोपंच वाटलं होतं. विशीतल्या पोराला एकनिष्ठ राहायला काय लागतं? त्याला अजून काही हवंच झालेलं नसतं.

वडिलांना सगळं गाव आबा म्हणायचं आणि आम्हीही आबाच म्हणायचो. केळीला पाणी देऊन आले की हातपाय धुऊन ओसरीवर बसत, आणि ते बसले की घरातली भांडीसुद्धा हळू वाजत. लहानपणी मला वाटायचं, हा माणूस दगडासारखा पक्का आहे, याला कधी काही हललंच नसेल. हे मत मी पस्तिशीपर्यंत बाळगलं. माझ्या पडझडीला ते फार सोयीचं होतं. आबा वेगळ्या मातीचे, मी साधा माणूस, असं म्हटलं की सगळं माफ.

एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून मी धुळ्याला लागलो. पहिलं वर्ष नेमाने नामाला बसलो. दुसऱ्या वर्षी सकाळी सोबतीचा कारकून दारात स्कूटर घेऊन हॉर्न वाजवू लागला, तेव्हा अर्ध्यावर उठू लागलो. तिसऱ्या वर्षी बसणंच बंद केलं. ‘देव समजून घेतो,’ असं मी बायकोला सांगायचो. हे वाक्य मी त्या काळात इतक्यांदा वापरलं की देवाला दुसऱ्या कुणाचं काही समजून घ्यायला सवड उरली नसेल.

बदलीची इच्छा त्याच सुमारास डोक्यात शिरली. लोकांना सांगायचो, आबा एकटे पडलेत, त्यांच्याजवळ जायचंय. खरं कारण जळगावातल्या मेहरूणला होतं. तलावाच्या बाजूला सासऱ्यांच्या ओळखीने एक प्लॉट मिळत होता. तिथे घर बांधावं, संध्याकाळी तलावावर फिरायला जावं, गावाकडचे लोक आले की गच्चीवरून पाणी दाखवावं, असं माझं चित्र होतं. वडिलांची सेवा हे त्या चित्रावर लावलेलं कव्हर.

कचेरीत बदली हवी असलेले आम्ही नऊजण होतो आणि प्रत्येकाचा देव वेगळा. हेडक्लार्कने मला शनिवार धरायला लावला. तेल, उपास, काळे उडीद. वर्षभर केलं, अर्ज जिथल्या तिथे. मग दुसऱ्या एकाने ज्योतिषाकडे नेलं, त्याने पुष्कराजाची अंगठी घालायला सांगितली आणि त्याबरोबर गुरुवारही दिला. मग कुणीतरी एक तसबीर आणून दिली, तिला रोज उदबत्ती. मला त्या देवांबद्दल काही म्हणायचं नाही. त्यांना मनापासून भजणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्यापुढे मान खालीच जाते. मी त्यांना भजत नव्हतो. मी त्यांना कामाला लावत होतो, आणि काम झालं नाही की कामावरून काढत होतो.

माझी बायको सावद्याकडची, तिच्या माहेरीही आमचाच पंथ. ती सकाळी आपली नेमाने बसायची. मला काही बोलायची नाही, आणि बोलायची तेव्हा एकाच वाक्यात हिशेब मिटवायची. तसबिरीला उदबत्ती लावताना एकदा म्हणाली, “अहो, तुमचा देव अगदी बदलीच्या अर्जासारखा झालाय. एका टेबलावर हलला नाही की पुढच्या टेबलावर.”

मी म्हणालो, “तुला काय कळतं कचेरीतलं!”

“कचेरीतलं नाही कळत,” ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

आमचे घरमालक एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. माणूस उदार, अहिराणीत मोकळं बोलणारा, आणि तीस वर्षं गाडी चालवल्यामुळे प्रत्येक घाटातला, प्रत्येक फाट्यावरचा देव त्यांच्या ओळखीचा. माझा शनिवार ऐकून ते हसले.

“साहेब, शनिवार-बिनिवार ठीक शे,” ते म्हणाले. “पन काम व्हई जाई अशी देवी एकच शे. बोकड बोला. तीन महिनामा कागद हातमा.”

“नाना, आमच्यात चालत नाही. आम्ही खात नाही, मारतही नाही.”

“तुम्ही नका खावू ना! खावाले आम्ही बठ्ठा शेतस.”

खायला ते सगळे होते, या उत्तराने माझं समाधान झालं. मुंगीलाही न दुखवण्याचा नेम घेतलेल्या माणसाचं एवढ्यावर समाधान झालं, हे पुन्हा एकदा लिहून ठेवतो. पुढच्या रविवारी बायकोला कचेरीचं काम सांगून मी नानांबरोबर त्या डोंगरावरच्या देवळात गेलो. चढताना मला धाप लागली, नानांना लागली नाही. वर गेल्यावर नानांनी शब्द सांगितले आणि मी ते म्हटले. बदली झाली तर बोकड देईन. मला वाटलं होतं, हे म्हणताना जीभ अडखळेल, निदान घशाला कोरड पडेल. काही झालं नाही. परत उतरताना आम्ही उसाचा रस प्यायलो आणि मी नानांना मेहरूणच्या प्लॉटचं सांगितलं. देवाला सोडताना काही आवाज होत असेल असं वाटत होतं, तो झालाच नाही.

अडीच महिन्यांनी, मे महिन्याच्या सुरुवातीला, माझी जळगावला बदली झाल्याचा कागद आला.

नानांना माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्यांनी कामाचा ताबाच घेतला. खाटीक ठरवला, रविवार ठरवला, कचेरीतल्या आणि गल्लीतल्या पंचवीसजणांना सांगून आले. देवळात नेऊन मारायचा आणि दुपारी घरी जेवण. आठवड्याच्या बाजारातून बोकडही त्यांनीच आणला आणि अंगणातल्या लिंबाला बांधला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, चांगला धष्टपुष्ट. मी कचेरीतून आलो तेव्हा बायको दारात उभी होती.

“हा कोणाचा?”

“नानांचा,” मी म्हणालो.

“नाना म्हणतात तुमचा.”

मग सांगावंच लागलं. मी देवळाचं सांगितलं, नवसाचं सांगितलं आणि वर म्हणालो, “मी काही मारणार नाहीये. खाटीक मारेल.”

“आणि उपदेश कुणी घेतला होता?” तिने विचारलं. “खाटकाने?”

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी कळलं की तिने गावी जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर आबांना निरोप धाडला होता.

आबा शनिवारी दुपारी आले. मे महिन्यात चार गाड्या बदलून, डोक्याला उपरणं गुंडाळून, हातात केळीची फणी. बोकडाकडे त्यांनी पाहिलं. त्याचं पाण्याचं घमेलं उन्हात कोरडं पडलं होतं. आधी ते भरलं आणि मग घरात येऊन स्वतः पाणी प्यायले. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ते भिंतीला टेकून बसले आणि मीच आपण होऊन बोलायला लागलो.

“आबा, तुमच्याजवळ यायचं होतं म्हणून केलं सगळं.”

“माह्याजोळ यायचं व्हतं त सुट्टीले आला असता,” आबा शांतपणे म्हणाले. “चार वर्सात दिवाळीचे दोन-दोन दिवस आला तू. मले मेहरूणच्या प्लॉटचं माहीत हाये.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. हसत होती की काय, मला आजही माहीत नाही.

मग आबांनी मला जे सांगितलं ते मी कधीच ऐकलं नव्हतं.

“तू दोन वर्साचा व्हता,” ते म्हणाले. “ताप उतरेना. भुसावळच्या डॉक्टरनं हात टेकले. तुही माय रडे. गावातला एक भगत म्हने, कोंबडा द्या. मी उपदेशी मानूस. तरी गेलो. माह्या हातानं धरला कोंबडा, त्यानं कापला.”

“आणि मी वाचलो?”

“वाचला. भगत म्हने कोंबड्यानं, डॉक्टर म्हने सुईनं. मले नाही माहीत. मले येवढंच माहीत हाये का मी माह्या देवाले इचारलंबी नाही. तो नाही म्हनीन या भेवानं दुसऱ्याच्या दारात गेलो.”

मी विचारलं, मग काय झालं. आबा म्हणाले, सहा महिने नामाला बसता येईना. डोळे मिटले की कोंबडा दिसायचा. मग आमच्या मठातल्या महंतांकडे गेले आणि सगळं कबूल केलं. महंतांनी प्रायश्चित्त दिलं आणि म्हणाले, सुटलं असेल तर पुन्हा धर.

“तवापासून धरतो,” आबा म्हणाले. “रोज सुटते. रोज धरतो.”

हे ऐकून माझं मन भरून यायला हवं होतं. मला खरोखर काय वाटलं ते सांगतो. मला फसवल्यासारखं वाटलं. ज्या माणसाला दगड समजून मी स्वतःला सूट देत आलो होतो, तो माझ्यासारखाच निघाला, आणि तरी रोज बसत होता. म्हणजे माझी सूट गेली. मी चिडून म्हणालो, “मग तुम्ही केलं ते चाललं आणि मी केलं तर...”

“चाललं कोन म्हने?” आबा म्हणाले. “पन तो कोंबडा तुह्या जिवासाठी मेला. हा बोकड कशासाठी मरीन? पानी दिसनाऱ्या गच्चीसाठी?”

गच्चीचं मी आबांना कधी सांगितलं नव्हतं. बायकोकडे पाहिलं, ती आत निघून गेली होती.

रविवारी सकाळी मी नानांच्या दारात गेलो आणि बोकड द्यायचा नाही असं सांगितलं. नाना आधी थट्टा समजले. मग त्यांचा चेहरा बदलला.

“देवीसंगे बेइमानी करतस का, साहेब?”

“बेइमानी आधीच झाली नाना, दुसऱ्याशी,” मी म्हणालो. वाक्य चांगलं होतं. आदल्या रात्री जुळवून ठेवलं होतं, तेव्हा त्याचं कौतुक नको.

“माले काय,” नाना म्हणाले. “तुमनं तुम्ही निस्तरा.” आणि दार लावून घेतलं.

पंचवीस माणसांना परत निरोप देणं शक्यच नव्हतं. बायकोने पहाटेपासून शेवभाजी रांधली होती; चांगली झणझणीत, तेलाचा तवंग आलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा. दुपारी लोक आले. माझ्या नवसाची, माझ्या श्रद्धेची वर्षभर काळजी करणारे सगळे दारातूनच रश्श्याचा वास घेत होते. पाटावर बसल्यावर ताटात शेव पाहून जी शांतता पसरली तशी मी कुठल्याही देवळात अनुभवली नाही. हेडक्लार्कने तर भाकरी मोडून पुन्हा ताटात ठेवली. “देवाच्या बाबतीत अशी चालढकल बरी नव्हे,” तो म्हणाला. आदल्या दिवशीचा त्याचा उपास होता, आज सोडायला आला होता. दोघे-तिघे न जेवताच उठले. आबा पंगतीत वाढत होते. ते प्रत्येकाला वाकून ‘दंडवत प्रणाम’ म्हणत आणि आणखी एक भाकरी ठेवत.

त्याच संध्याकाळी आबा एका ओळखीच्या टेम्पोतून बोकड घेऊन गावी गेले.

इथे हे संपलं असतं तर मी हे सांगायच्या भानगडीत पडलो नसतो. निष्ठेचा विजय झाला आणि मी मेहरूणला राहायला गेलो, असं लिहून लोकांकडून वाहवा घेतली असती. दहा दिवसांनी माझ्या बदलीला स्थगिती आली. मी जाणार होतो त्या जागेवर जळगावला बसलेल्या माणसाने वर कुठेतरी शब्द टाकला होता, हे कचेरीतल्या शिपायालाही माहीत होतं. पण हेडक्लार्कने कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि एवढंच म्हणाला, “बघा.”

गल्लीत ज्याने त्याने तेच म्हटलं. दोन दिवसांनी नाना नळावर भेटले तेव्हा हळूच बोलले, “आजून येळ गई नही. बोकड जिता शे ना?”

मी त्या शनिवारी बायकोला सांगितलं, आबांना भेटून येतो. पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ. सबंध रस्ता मी स्वतःला समजावत होतो की मी आबांनाच भेटायला चाललोय. पिशवीत दोरी घेतली होती. आबांना भेटायला जाताना माणूस दोरी कशाला नेतो, हे मी स्वतःला विचारलं नाही.

गावी पोचलो तर बोकडाने केळीच्या नव्या लागवडीची अर्धी ओळ खाऊन टाकली होती. आबा वाफ्यात वाकून उरलेले कोंब पाहत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं.

“न्यायला आला का?” त्यांनी विचारलं. “ने. खुंट्याले हाये.”

बस्स. रागाने म्हणाले नाहीत. विहिरीवर जाऊन हातपाय धुतले आणि ओसरीवर नामाला बसले. मी गोठ्यात गेलो, बोकडाच्या गळ्यात दोरी घातली आणि त्याला ओढत ओसरीसमोरून निघालो. आबांचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मधेच त्यांचं नाम थांबलं. अडखळलं म्हणा. मग त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला कळलं, आत्ता या क्षणी त्यांचं सुटलंय, मी दोरी धरून चाललोय म्हणून सुटलंय, आणि ते पुन्हा धरतायत.

बोकडाला सोडून मी त्यांच्या बाजूला जाऊन बसलो. दीड-दोन वर्षांनी बसत होतो. साक्षात्कार वगैरे झाला नाही. मांडी दुखली, डास चावले, आणि तेवढ्या अर्ध्या तासात बदलीचा विचार निदान दहा वेळा आला. उठलो तेव्हा आबा म्हणाले, “जेवून घे.”

दुसऱ्या दिवशी मी महंतांकडे गेलो. अंगठीपासून डोंगरापर्यंत सगळं सांगितलं. मनात मोठ्या प्रायश्चित्ताची तयारी करून गेलो होतो. पडायचं तर त्यातही माणसाला मोठेपणा हवा असतो. महंतांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रोज सकाळी बसायचं. दारात कुणीही हॉर्न वाजवला तरी उठायचं नाही.” मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, “करून बघा.”

केलं. स्कूटरवाल्याने महिनाभर हॉर्न वाजवला, मग यायचं बंद केलं. मी बसने जाऊ लागलो. धुळ्याला आणखी तीन वर्षं काढली. मेहरूणचा प्लॉट दुसऱ्याने घेतला. बोकड गावातल्या एका मेंढपाळाच्या कळपात राहिला आणि आबांच्या शब्दाखातर म्हातारा होऊन मेला. पुढे रीतसर माझी पाळी आली, बदली झाली आणि आम्ही जळगावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला गेलो. निरोप घेताना नाना म्हणाले, देवी दयाळू शे, तरीबी तुमनं काम कयं. मी हो म्हणालो. वाद घालण्याइतका मी शुद्ध नव्हतो.

आता मी सुधारलो असं कुणाला वाटू नये. एकोणीसशे नव्वदनंतर कधीतरी आमची मुलगी मेडिकलच्या प्रवेशयादीची वाट पाहत होती. तेव्हा शेजाऱ्याने पाचोऱ्याकडच्या कुण्या बाबाचा पत्ता दिला. यादीत नाव लागतंच म्हणे. मी नको म्हणालो नाही. कागद घेतला, घडी केली आणि चार दिवस खिशात बाळगला. आबा तोवर गेले होते, बायको माहेरी होती, कुणी बघणारं नव्हतं. पाचव्या दिवशी सकाळी बसलो असताना तो कागद खिशात टोचत राहिला. उठून फाडला आणि पुन्हा बसलो. पहिल्यापासून.

आठवड्याने यादी लागली. मुलीचं नाव नव्हतं. ती दिवसभर रडली, मी तिला कुल्फी आणून दिली, तिने ती खाल्ली नाही. संध्याकाळी मी नामाला बसलो. मन लागलं असं म्हणणार नाही. बसलो एवढंच.